दोन्हीकडे मावळेच

धनत्रयोदशीच्या सकाळी राजाभाऊ देवरे दोह्याच्या अल हिलाल भागातल्या त्या जुन्या व्हिलाचं फाटक ढकलून आत आले खरे, पण आल्या आल्या त्यांनी आपली हद्द आखून घेतली.

"सूनबाई, मी अंगणात आलोय. घरात नाही. अंगण म्हणजे घर नव्हे."

"नव्हेच मुळी," जयमाला म्हणाली. तिला आज वाद घालायचा नव्हता. जून महिन्यापासून या माणसाने फाटकाला हात लावला नव्हता, तो आत आला हेच पुष्कळ होतं. "पाणी तरी घ्याल?"

"बाटली आणलीय."

"चहा?"

"थर्मास आणलाय."

जयमालाने मनात म्हटलं, आता जेवणाचा डबा आणला नसला म्हणजे मिळवली. तर पिशवीतून डबाही निघाला. काकांनी तो भिंतीवर असा ठेवला, की स्वयंपाकघराच्या खिडकीतून नीट दिसावा.

राजाभाऊ म्हणजे तिच्या नवऱ्याचे, शशिकांतचे, सख्खे चुलते. चांदवडकडच्या हट्टी नावाच्या गावातून दोह्यात आले तेव्हा त्यांच्या म्हणण्याप्रमाणे इथे निम्मे रस्ते नकाशावरच होते, आणि उरलेले त्यांनी केले. पाठोपाठ त्यांनी पुतण्याला आणलं. पहिलं वर्षभर शशिकांत त्यांच्या खोलीत राहिला आणि त्यांच्या हातची करपलेली खिचडी खात होता. पुढे जयमाला लग्न होऊन आली, तेव्हापासून दर शुक्रवारी काकांचं जेवण या घरी. नमाज सुटून रस्ते मोकळे झाले की काका हजर. श्रावणात पिठलं, एरवी मटण, आणि जेवण झालं की चुलता-पुतण्याचा एकच ठरलेला वाद, जो ऐकत ऐकत ती भांडी घासायची.

मग हा जून आला.

वर्ल्ड कप तीन वर्षांवर आला होता आणि सगळं शहर खणून ठेवलं होतं. अल रय्यानच्या नव्या स्टेडियमकडे जाणाऱ्या एका रस्त्याचं काम काका आणि शशिकांत ज्या कंपनीत होते तिच्याकडे होतं. काका साइटवर मुख्य. शशिकांत आता त्या सगळ्या कामाचा साहेब, म्हणजे काकांचाही. उन्हाळ्यात इथे भर दुपारी उघड्यावर काम करायला बंदी असते. त्या दिवशी काँक्रीटच्या गाड्या रांगेत उभ्या होत्या, ओतायचं थोडंसं राहिलं होतं, आणि काकांनी बंदीची वेळ होऊनही माणसं थांबवली नाहीत. "यल्ला, यल्ला, एवढं उरका," म्हणत ते स्वतःही उन्हात उभेच होते. एक नेपाळी पोरगा चक्कर येऊन पडला. दवाखान्यात नेला, वाचला. पण शशिकांत तिथे पोहोचला तो सगळ्या माणसांसमोर त्याने काकांच्या हातातला वॉकीटॉकी काढून घेतला. म्हणाला, "खलास, काका. उद्यापासून तुम्ही साइटवर नाही."

दुसऱ्या दिवशी काकांची बदली हमद पोर्टजवळच्या गोदामात झाली. तिथे ते पाइप मोजत बसले.

जयमालाचं मत असं होतं, की नवऱ्याने केलं ते बरोबर, केलं तसं मात्र नको होतं. तिने ते एकदा बोलूनही दाखवलं. "मग काय कानात सांगायला हवं होतं?" तो म्हणाला. "माणूस गेला असता, जयू." हेही खरंच होतं. घरातले दोन पुरुष चुकीचे असतील तर बाईला काहीतरी करता येतं. दोघंही बरोबर असले, की तिचं मरण.

आणि आता दिवाळी झाली की काका इथलं सगळं आवरून कायमचे हट्टीला जाणार होते. जयमाला या घराण्याला ओळखून होती. देवरे भांडत नसत, देवरे बोलणं थांबवत. तिच्या सासऱ्यांच्या आणि मधल्या चुलत्यांच्या घरात विहिरीच्या वाटेवरून बोलणं थांबलं ते थांबलंच. आता त्यांची पोरं लग्नात समोरासमोर आली तर एकमेकांना ओळखत नाहीत. काका या घरात न जेवता विमानात बसले, तर तिकडे गावी दुसरी भिंत उभी राहील आणि ती पाडायला कुणी उरणार नाही, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

म्हणून तिने किल्ल्याचा डाव टाकला.

दिवाळीत दोह्यातली मराठी पोरंही किल्ला करतात. गेल्या वर्षी तिच्या लेकीने, अकरा वर्षांच्या ओवीने, समुद्राकाठच्या टेकड्यांवरची वाळू आणून रायगड रचला होता, तो पाडव्यापर्यंत भाकरीसारखा सपाट झाला. यंदा आईच्या सांगण्यावरून तिने फोन केला. "आबा, धोडप करायचाय. कुणालाच माहीत नाही कसा दिसतो ते."

धोडप काकांच्या घराच्या मागच्या दाराशी उभा होता. त्याच्या पायथ्याचं हट्टी हे त्यांचं गाव. मग काका म्हणाले, "वाळूत हात घालू नका. माती मी आणतो."

"ही वाळू वाऱ्याने घासून गोल झालेली असते," आता ते ओवीला सांगत होते. गोणीतून नर्सरीतली माती बाहेर काढून ते तिच्यावर हाताने पाणी शिंपडत होते. "गोल दाणा धरत नाही. हे बघ, मूठ वळायची. फुटली नाही आणि हाताला चिकटली नाही, की पाणी बरोबर. मग थरावर थर, आणि दर थराला दाबायचं. पाणी घालून काही उभं राहत नाही पोरी, दाबून राहतं."

दुपारपर्यंत डोंगर झाला. अंगणाच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीखाली, लांबच लांब उभी भिंत आणि तिला मधेच चौकोनी खाच.

"इथे दात पडलाय का?" ओवी म्हणाली.

"ती खाच म्हणजेच धोडप. कुठूनही बघ, नाशकाकडून, चांदवडाकडून, खाच दिसली की ओळखायचं, आलं आपलं घर."

व्हिलाच्या शेजारच्या भागात राहणारी रत्नागिरीची रुकैया कपडे वाळत घालायला आली आणि तिथेच थांबली. "वहिनी, किल्ला झकास झालाय. पण महाराज कुठायत?"

"या किल्ल्यात महाराज नाहीत," काका म्हणाले.

"महाराज नाहीत तो कसला किल्ला, काका? आमच्या मोहल्ल्यातली पोरंसुद्धा महाराज ठेवायची."

"अगं, ही गोष्ट महाराज गेल्यानंतर अठ्ठ्याऐंशी वर्षांनी झालेली. आपलीच माणसं आपल्याच माणसांशी लढली, ती."

"आबा, प्लीज," ओवीने सिंहासनावरचे महाराज दोन्ही हातांनी पुढे धरले. पुण्याहून मागच्या वर्षी कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून आणलेले, एका कानाचा रंग उडालेला. काकांनी बराच विचार केला. मग महाराजांना डोंगराच्या सर्वांत उंच टोकावर बसवलं, पण तोंड टाकीकडे करून.

"पाठ का केली?"

"त्यांनी हे बघू नये," काका म्हणाले.

मग आले मावळे. खोकाभर. ओवीने ते रांगेत मांडले आणि ती अडली. सगळ्यांचे फेटे सारखे, ढाली सारख्या, मिशा सारख्या.

"आबा, एनिमी कुठले?"

"तेच तर."

"तेच तर म्हणजे? दोन टीम आहेत ना? मग जर्सी कुठेय? मी नेलपेंट आणते, या अर्ध्यांना लाल करते."

"नको." काका एवढ्या जोरात म्हणाले, की रुकैयाच्या हातून चिमटा पडला. मग त्यांनी आवाज खाली आणला. "त्या दिवशीही रंग नव्हता, बाळा. इकडच्याचा मामा तिकडे होता आणि तिकडच्याचा जावई इकडे. दोन्हीकडे मावळेच. जो किल्ल्याजवळ उभा तो राघोबादादाचा, जो मैदानात उभा तो माधवराव पेशव्याचा. बस्स."

त्यांनी आपल्या डब्यातलं जेवण भिंतीला टेकून एकट्याने खाल्लं. बटाट्याची भाजी होती, गार. जयमाला खिडकीतून बघत राहिली. तिला हसूही आलं आणि भरूनही आलं. हा माणूस धो धो पावसात उभा राहील पण छत्री मागणार नाही.

संध्याकाळी व्हिलातली चार बिऱ्हाडं अंगणात जमली. ओवीने पणत्या लावल्या. रुकैयाने सगळ्यांसाठी करक, म्हणजे इथला आटवलेला दुधाचा चहा, आणला. काकांनी थर्मास रिकामा झाल्यामुळे तो घेतला आणि "हा शेजारचा आहे," असा खुलासाही केला. मग ते उकिडवे बसले आणि काडीने मैदानावर रेघ मारून सांगू लागले.

"पानिपत होऊन दोन वर्षंही झालेली नाहीत. माधवराव पेशवा सतरा वर्षांचा. थोरला भाऊ पानिपतावर पडलेला, बाप त्या दुःखात गेलेला. घरात वडील माणूस एकच, चुलता. राघोबादादा. दादा म्हणतो, पोर लहान आहे, कारभार मी बघतो. पोर म्हणतं, मी पेशवा आहे, मीच बघेन. झालं. दादा रागावून गेला आणि निजामाला घेऊन आला. घोडनदीवर लढाई, मग आळेगावाजवळ. पोरगा हरला."

"हरला?" ओवी म्हणाली. "पण तो हीरो आहे ना?"

"हरला म्हणून तर हीरो. ऐक. हरल्यावर पळता आलं असतं. किल्ले होते, सरदार होते, वर्षभर लढत बसता आलं असतं. पण पोराने हिशेब केला: मी लढत राहिलो तर राज्याचे दोन तुकडे होतील आणि तुकडे निजाम खाईल. तो उठला आणि सरळ चुलत्याच्या छावणीत जाऊन उभा राहिला. काका, हा मी. सतरा वर्षांचा! मला सतराव्या वर्षी म्हैस वळवता येत नव्हती."

सगळे हसले. जयमाला हसली नाही. ती फाटकाकडे बघत होती. शशिकांतची साइट सुटायची वेळ होऊन गेली होती. तिने त्याला काहीच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्याने मुद्दाम उशीर केला असता.

"वर्ष गेलं नाही तोच निजाम उलटला. राक्षसभुवनला, गोदेच्या काठी, दादा शत्रूच्या गर्दीत सापडला. एकटा. आणि कोण आला धावून? ज्याला त्याने हरवलं होतं तोच. पुतण्याने चुलत्याला ओढून बाहेर काढलं आणि लढाई जिंकली. म्हणून सांगतो, तलवार कुणीही चालवतो. मनात अढी असताना वेळेवर धावून येणं, त्याला माधवराव लागतो."

त्यांनी काडी उचलून किल्ल्याच्या पायथ्याशी टेकवली.

"आता धोडप. आणखी पाच वर्षं गेली. दादाने पुन्हा फौज जमवली. गायकवाडांनी माणसं पाठवली, होळकरांचा दिवाण सामील, नागपूरचे भोसले निघतो म्हणालेले. सगळे एकत्र आले असते तर पेशवाई संपली असती. माधवराव आता तेवीसचा. त्याने काय करावं? वाट बघितली नाही. फौज जमेल तशी घेतली आणि निघाला. पावसाळा तोंडावर, नद्या भरल्या की मोहीम बुडाली. भोसले पोहोचायच्या आत, पाऊस पडायच्या आत. मी रस्ते केलेत जन्मभर, मला माहीत आहे, माणसं आणि जनावरं वेळेवर हलवणं ही लढाईच्या आधीची लढाई असते. तो तिथेच जिंकला. हे मैदान. इथे, किल्ल्याला लागून, दादाची फौज. एका दिवसात मोडली. दादा वर चढला, किल्ल्यात. पण किल्ल्यात दाणा नाही, मदत नाही. शेवटी—"

इथे ते थांबले.

फाटकाशी शशिकांत उभा होता. पिवळं जाकीट, बुटांवर पांढरी धूळ, हातात हेल्मेट. तो कधी आला ते कुणालाच कळलं नव्हतं. गोष्ट नेमकी अशा जागी आली होती, जिथे पुतण्या चुलत्याला कैद करतो. जयमालाने योजताना याचा विचारच केला नव्हता! धोडप सुचला तो काकांना ओढून आणण्यासाठी. त्याच्या शेवटी काय आहे हे इतकी वर्षं भांडी घासताना ऐकूनही ती साफ विसरली होती.

काकांनी पाहिलं. हातातली काडी तशीच मातीत राहिली.

"शेवटी काय, आबा?"

"शेवटी दादा खाली उतरला," काका म्हणाले. "पुतण्याने त्याला पुण्याला नेलं आणि वाड्यात ठेवलं. नजरकैदेत. संपली गोष्ट."

"संपली कशी?" शशिकांत फाटकातूनच म्हणाला. "वर्षानुवर्षं एकट्या माधवरावाचं कौतुक चाललंय. दादांचं कोण सांगणार?"

हाच तो शुक्रवारचा वाद. काका नेहमी माधवरावाच्या बाजूने आणि शशिकांत, निव्वळ खोडी काढायला, दादांच्या. आज बाजू बदलणार असं जयमालाला वाटलं. आज काका दादांची बाजू घेतील, शशिकांत माधवरावाची, आणि मग दोघं खरोखरीचं बोलतील, चार बिऱ्हाडांसमोर.

"काय सांगायचं दादांचं?" काका मान वर न करता म्हणाले.

"अटकेपर्यंत घोडी नेलेला माणूस होता तो. हे पुणं कुठं आणि ते अटक कुठं! त्याच्या आधी तिथवर कोण गेलं होतं?"

"अटकेला छाती लागते. धोडपला डोकं लागत होतं. ते त्या दिवशी दादाचं ठिकाणावर नव्हतं."

"बरं, नव्हतं. कैद करायलाच हवी होती, मान्य." शशिकांत दोन पावलं आत आला. हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. "पण तंबूत बोलावून करायची. सगळ्या फौजेदेखत कशाला? ज्याने घोड्यावर बसायला शिकवलं त्याला? माधवरावाचं ते चुकलं, काका. मी आधीपासून म्हणतोय."

तो आधीपासून असं कधीच म्हणत नव्हता. हा मुद्दा जयमालाने आजच ऐकला. अंगणातल्या बाकीच्यांना तो इतिहासाचा मुद्दा वाटला, आणि रुकैयाने मानही डोलावली.

काकांनी पडलेला एक मावळा उचलला, त्याच्या पायाखालची माती अंगठ्याने दाबली आणि त्याला पुन्हा उभा केला.

"नाही, शशी," ते म्हणाले. "फौजेदेखत केली म्हणून फौजेला समजलं, की इथे चुलता नाही अन् पुतण्या नाही. नियम तो नियम. तंबूत केली असती तर उद्या प्रत्येक सरदाराने आपापला काका पुढे केला असता. माधवरावाचं बरोबर होतं. मी माधवरावाची बाजू सोडणार नाही."

"आणि मी दादांची सोडणार नाही."

"नको सोडू."

बाहेरच्या रस्त्यावरून एक ट्रक मागे घेताना टीं टीं करत राहिला.

"तेवीसच वर्षांचा होता हो तो," शशिकांत म्हणाला. "त्या रात्री झोप लागली नसेल त्याला."

"दादाला तरी कुठे लागली असेल," काका म्हणाले.

"हे कुठल्या बुकमध्ये आहे?" ओवीने विचारलं.

मग शशिकांतने हेल्मेट भिंतीवर ठेवलं आणि काकांच्या शेजारी उकिडवा बसला. "आणि एक सांगा. भोसले म्हणता वेळेवर येऊ शकले नाहीत. मी म्हणतो ते येणारच नव्हते. दोन्हीकडे पाय ठेवून बसले होते."

"अरे वा! येणारच नव्हते? मग माधवराव इतक्या घाईने कशाला निघाला? वेड लागलं होतं?"

"त्याला कुठे माहीत होतं ते येणार नाहीत म्हणून!"

"पेशव्याला माहीत नव्हतं आणि तुला माहीत आहे! हेर होतास का तू भोसल्यांकडे?"

काकांचा आवाज आता गोदामातला नव्हता, साइटवरचा होता. जयमाला आत जाऊन शेगडी पेटवून आली. "भाकऱ्या टाकतेय," ती हवेला उद्देशून म्हणाली. "भरीत झालंय. ठेचा आहे." तिने कुणाचंही नाव घेतलं नाही.

"नागपूर ते धोडप, रस्ता बघ जरा," काका उठत म्हणाले. त्यांचे गुडघे कडकडले, शशिकांतने हात दिला आणि त्यांनी तो बोलता बोलताच धरला. "मधे वऱ्हाड, मधे खानदेश. तोफा घेऊन चाललेला माणूस दिवसाला किती चालेल?"

"तोफा आणायला सांगितलं कुणी? घोडदळ पुढे काढायचं."

"अन् घोडदळ खाणार काय? जूनमध्ये? चारा कुठे असतो जूनमध्ये? शहरात राहून अक्कल गेली तुझी."

"चारा वाटेत लुटतात, काका."

"स्वतःच्याच मुलखात?"

उंबऱ्याशी काकांनी चपला काढल्या, सवयीने, बाजूला सरकवून. वऱ्हाडातल्या चाऱ्याबद्दल बोलत ते आत आले, बेसिनपाशी गेले, हात धुतले, आणि टॉवेल जिथे नेहमी असतो तिथे न बघताच हात घातला.

ओवी दारातून बघत होती. तिचे डोळे मोठे झाले. "आबा, यू आर इन द—"

जयमालाने ताटातली एक आख्खी चकली तिच्या तोंडात कोंबली आणि चौथं पान मांडलं.